बाळाच्या उशाची कोयती

पोलिसाने आधी बाळाची लंगोटं टेबलावर ओतली. मग झबली, कानटोपी, डिंकाची पुडी, बाळंतशेपा, माझ्या आईच्या जुन्या लुगड्याची दुपटी. शेवटी पिशवी उलटी करून झटकली, तेव्हा फडक्यात गुंडाळलेली कोयती पडली. लोखंडी टेबलावर खण्णकन वाजली. रांगेतल्या बायका मागे सरकल्या.

"ए बाई, हे काय?"

"कोयती आहे साहेब."

"ते दिसतंय मला. कोणाला कापायला निघालीस?"

"नातवासाठी आहे."

"नातवाला कापणार?"

तो हसला. शेजारचा हवालदार हसला. मग रांग हसली. ती देवीच्या दर्शनाची रांग होती. ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका गल्लीतला छोटा मंडप, नवरात्राची सातवी माळ. त्या दिवसाचा रंग हिरवा होता, म्हणून सगळ्या बायका हिरव्या साड्यांत. माझीही साडी हिरवीच होती. तेवढं एक मी बरोबर केलेलं.

मागची बाई आपल्या मैत्रिणीला म्हणाली, "पिशवीला मासळीचा वास पण येतोय गं." पिशवीत धुऊन वाळवलेली लंगोटं होती. वास कुठून आला ते तिचं तिला ठाऊक. बहुतेक माझ्या नाकातल्या आणि कानातल्या सोन्यावरून आला असेल. आमच्या बायका ओळखू येतात.

मी डोंबिवलीच्या कोपरची. खाडीकाठच्या कोळी घरातली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. डोंबिवलीतल्या एका मोठ्या इंग्रजी शाळेच्या बसवर मी मावशी होते. मुलांना हात धरून चढवायचं, सोसायटीच्या गेटवर उतरवायचं, कोणाला उलटी झाली तर पुसायचं. माझी लेक ठाण्याला चेंदणी कोळीवाड्यात दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण डॉक्टरने तिला प्रवास नको सांगितला, म्हणून ती तिकडेच दवाखान्यात बाळंत झाली. मुलगा झाला. लेक माहेरी येऊ शकली नाही, तर माहेरचं सामान तरी तिच्याकडे जायला हवं, म्हणून मी पिशवी भरून कोपरहून ठाण्याला आलेले.

आमच्यात बाळ झालं की त्याच्या उशाशी लोखंड ठेवतात. कोणाकडे विळा असतो, कोणाकडे सुरी. आमच्या घरात ही कोयती. माझ्या आजीने लोहाराकडून करून घेतलेली. मूठ हातांनी काळी झालेली. धार कधीच गेली. तिच्याने काकडी चिरायला गेलात तर काकडी हसेल. मी जन्मले तेव्हा माझ्या उशाशी तीच होती, माझी लेक जन्मली तेव्हा तिच्या उशाशी तीच. बाळाला एकटं ठेवून आई मोरीत गेली, तरी लोखंड राखण करतं अशी समजूत आहे. खरी का खोटी, मला माहीत नाही. मी इतकी वर्षं दुसऱ्यांची मुलं राखली. राखण करणाऱ्या कुठल्याही गोष्टीला मी हसत नाही.

आणि उशाशी ठेवायच्या आधी ती देवीच्या पायाला लावायची असते. आमच्या घरी तशीच रीत आहे. एखादी शहाणी बाई पिशवी घेऊन सरळ दवाखान्यात गेली असती. मी मात्र नवरात्र आहे, देवी वाटेवरच आहे, म्हणून वाट वाकडी करून रांगेत उभी राहिले आणि आपल्या हाताने पिशवी पोलिसाच्या टेबलावर ठेवली. लपवायचं काही असतं, असं डोक्यातच आलं नाही. आमच्या वाड्यातल्या कुठल्याही बाईने हेच केलं असतं.

मला चौकीत नेलं. सामान परत पिशवीत भरायला सांगितलं, कोयती सोडून. मी घाईघाईने भरू लागले. एक झबलं खाली पडलं, ते एका शिपायाच्या बुटाखाली आलं. त्याने पाय उचलला, पण झबलं उचललं नाही. मीच वाकले.

"काय काम करतेस?"

"शाळेच्या बसवर मावशी आहे."

"पोरांच्या बसवर?" त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "आणि कोयता घेऊन फिरते."

मी पुन्हा सांगितलं. बाळ, उशी, लोखंड, देवी. तो लिहीत होता. मी सांगत होते त्यातलं काही लिहीत नव्हता, हे त्याच्या हाताकडे बघून कळत होतं. मग म्हणाला, "भिंतीला उभी राहा. कोयता हातात धर. नीट धर, दिसला पाहिजे. इकडे बघ."

मी धरला. सगळ्यात वाईट काय ते सांगते. फोटो काढतायत म्हटल्यावर मी डोक्यावरचा पदर सारखा केला. लग्नाकार्यात करतात तसा. सवयच असते बायांना. तो फोटो नंतर मी कितीदा पाहिला, आणि दर वेळी मला कोयतीपेक्षा तो नीट केलेला पदर जास्त लागला.

मग कागद दिला. कार्बनखालची प्रत, अक्षर अर्धंच उमटलेलं. कलमाच्या जागी आकडे होते. एक सदतीस होता की सत्तावीस, ते मला आजही सांगता येत नाही.

"साहेब, माझा गुन्हा काय?"

"लिहिलंय त्यात."

"कुठल्या कोर्टात यायचं?"

"लिहिलंय त्यात."

"वाचता येत नाहीये हो."

"अंगठाछाप आहेस?"

मी दहावी पास आहे. बसमध्ये मुलांची हजेरी इंग्रजीत घ्यायचे.  पण त्याने बोट ठेवलं तिथे सही केली. त्या कागदावर माझी सही तेवढी स्पष्ट आहे.

दवाखान्यात पोचले तेव्हा लेक बाळाला पाजत होती. पिशवीतलं सगळं काढून दाखवलं. ती म्हणाली, "आई, कोयती?"

"विसरले गं."

 पण विसरायची वस्तू नाही ती, हे तिलाही माहीत होतं. मी बाळाचं तोंड बघितलं आणि तिथेच खुर्चीत बसून राहिले. 

दुसऱ्या दिवशी फोटो आला. आमच्या बसचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यात मुलांचे आईबाप, ड्रायव्हर आणि मी. बस निघाली, बस पोचली, एवढं मी त्यात टाकायचे. त्या ग्रुपवर कोणीतरी माझाच फोटो टाकलेला. वर लिहिलेलं, 'नवरात्रोत्सवात शस्त्रासह महिला ताब्यात.' खाली एका आईने विचारलेलं, 'ही आपली मावशी आहे ना?' त्याच्याखाली, 'ओ गॉड.' त्याच्याखाली, 'ट्रान्सपोर्टवाल्यांनी बॅकग्राउंड चेक केलं होतं का?'

त्यातल्या एका आईच्या मुलीला मी रोज दप्तर उचलून द्यायचे. पोरीला दमा आहे. तिचा पंप कुठल्या कप्प्यात असतो ते मला माहीत, कारण एकदा सिग्नलवर बस अडकलेली असताना तो मीच तिच्या तोंडाला लावलेला. त्या दिवशी गेटवर त्या बाईने माझा हात हातात धरलेला. ती 'ओ गॉड' म्हणणारी होती.

संध्याकाळी शाळेतून फोन आला. ट्रान्सपोर्टचे सर. "मावशी, उद्यापासून येऊ नका. मॅडमशी बोला."

मुख्याध्यापिका मॅडम वाईट बोलल्या नाहीत. खुर्चीत बसायला सांगितलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "मावशी, मला तुम्ही माहीत आहात. पण पालक ऐकणार नाहीत. आजकाल पोलीस व्हेरिफिकेशनशिवाय कोणाला मुलांजवळ ठेवता येत नाही. तुम्ही ते प्रकरण मिटवून टाका. केस संपल्याचा कागद आणा, मी तुम्हाला परत घेते."

"मॅडम, पण मी काही केलेलंच नाही."

"अहो, त्यात काय एवढं. कबूल करायचं, दंड भरायचा. आमच्या मिस्टरांना सिग्नलचं चलान आलं, भरून मोकळे झाले."

सिग्नल तोडल्याबद्दल मिस्टरांचा फोटो कोणी भिंतीला उभं करून काढला नव्हता. हे मला घरी आल्यावर सुचलं. मला उत्तरं नेहमी घरी आल्यावर सुचतात.

दसऱ्याला बाळाची पाचवी आली. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिते. म्हणून पाटावर कोरा कागद ठेवतात, पेन ठेवतात, आणि लोखंड. चेंदणीला लेकीच्या घरी सगळं मांडलेलं. कोयतीच्या जागी माझ्या विहीणबाईंनी प्लास्टिकच्या मुठीची सुरी ठेवली. कोणी मला बोललं नाही. तोवर सगळ्यांना कळलेलं. माझी आई कोपरहून आली होती, काठी टेकत. ती त्या लाल मुठीच्या सुरीकडे बघत राहिली.

मग मला म्हणाली, "बाय, तू चोरी केलीस?"

"नाय."

"कोनाला मारलंस?"

"नाय आई."

"मंग गुन्हा कनचा?"

मी म्हटलं, कोणी सांगितलंच नाही. कागदावर आकडे आहेत.

आई म्हणाली, "देवीचे हातान आठ हत्यारा. तिचा फोटू कारून कोन टाकतंय का त्या गुरुपवर?"

सगळे हसले. मीही हसले, चौकीतून आल्यापासून पहिल्यांदाच. आई मात्र हसली नाही.

त्याच दुपारी फोन वाजला. मला ग्रुपमधून काढायला कोणाला सुचलं नव्हतं. दसऱ्याच्या शुभेच्छा येत होत्या. आपट्याची पानं, झेंडू, आणि मग एक फोटो. आमच्या बसच्या शेवटच्या स्टॉपवरची मोठी सोसायटी, तिच्या क्लबहाऊसमध्ये शस्त्रपूजन. टेबलावर हळदकुंकू लावलेल्या तलवारी. त्यातली एक हातात घेऊन, उंच धरून उभे असलेले एक गृहस्थ. झब्बा, फेटा, चेहऱ्यावर हसू. दमा असलेल्या मुलीचे वडील. खाली हात जोडल्याची चित्रं. 'अभिमान आहे.' 'जबरदस्त, सर.' 'ओ गॉड' लिहिणाऱ्या बाईने तीन हृदयं टाकलेली. तिचाच नवरा.

मी तो फोटो बघत बसले. मग वर सरकवत सरकवत माझा फोटो शोधून काढला. एकाच ग्रुपवर दोन्ही. मी कोयती छातीशी धरलेली, पदर नीट केलेला. ते तलवार डोक्याच्या वर धरलेले. त्यांच्या तलवारीला नवी धार होती, फोटोतसुद्धा चमकत होती.

राग आला म्हणावं तर तसं नाही. राग यायलाही अंगात काही शिल्लक लागतं. पण तीन दिवस डोक्यात एक धुकं होतं. आपलं काहीतरी चुकलंच असेल, पोलीस उगाच कशाला धरतील, मॅडम म्हणतात ते खरं असेल. ते धुकं त्या दुपारी गेलं. गुन्हा लोखंडाचा नव्हता. लोखंड कोणाच्या हातात आहे, एवढाच प्रश्न होता. कागदावर ते आकड्यांत लिहिलेलं, म्हणून मला वाचता येत नव्हतं.

त्यानंतरचं सगळं नुसतं चालणं. माझा पत्ता डोंबिवलीचा, म्हणून कोणीतरी सांगितलं कल्याण कोर्टात जा. गेले. तिथे खिडकीवरच्या माणसाने कागद उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. म्हणाला, हे आमचं नाही, ठाण्याला जा. ठाण्याला गेले. तिथे म्हणाले, आमच्याकडे अजून आलेलंच नाही, चौकीत विचारा. चौकीत म्हणाले, साहेब बंदोबस्ताला गेलेत. परत गेले तर साहेबांची ड्युटी बदललेली. नवीन साहेब म्हणाले, ही नुसती नोटीस आहे, घाबरू नका. बाहेरचा झेरॉक्सवाला म्हणाला, मावशी, हा गुन्हाच आहे, जन्मभर राहतो. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, काही नसतं, चलानासारखं असतं. ज्याला जे वाटेल ते तो ठासून सांगत होता. मला तेवढं ठासून सांगणारं कोणी माझ्या बाजूने नव्हतं.

कोर्टाबाहेर एक तरुण वकील भेटला. काळा कोट खांद्यावर टाकलेला, वडापाव खात होता. कागद बघून म्हणाला, "सोपं आहे. नाव पुकारलं की कबूल म्हणायचं. साहेब थोडा दंड करतील आणि कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा देतील. मागच्या बाकावर बसायचं, संध्याकाळी घरी."

"आणि मग मी गुन्हेगार?"

"कागदावर."

"पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये येईल?"

त्याने खांदे उडवले. "येईल, नाही पण येणार. आलं तर सांगायचं, किरकोळ होतं."

"आणि कबूल नाही म्हटलं तर?"

तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघायला लागला. "मग तारखा. वर्षं जातील, मावशी. तोपर्यंत केस चालूच राहणार. शाळा घेणार नाही तुम्हाला. एका शब्दाचा प्रश्न आहे, बोलून टाका ना."

तो वाईट माणूस नव्हता. मॅडमही नव्हत्या. सगळे माझ्या भल्याचंच सांगत होते आणि सगळ्यांचं भलं एकाच शब्दावर येऊन थांबत होतं.

शाळा मला हवी होती. खोटं कशाला सांगू. सकाळी बस यायच्या वेळेला मी अजूनही कोपऱ्यावर जाऊन उभी राहायचे आणि बस लांबून दिसली की परत फिरायचे. मुलं खिडकीतून हात करतील ही भीती वाटायची, आणि करणार नाहीत याचीही. तो एक शब्द बोलले असते तर कदाचित पुढच्या आठवड्यात मी त्या बसमध्ये असते.

शेवटी ठाण्याच्या कोर्टात तारीख लागली. त्या दिवशी आई मला म्हणाली, चहा तरी पिऊन जा. मी पिऊन गेले.

हॉल भरलेला. एकेक नाव पुकारत होते. एक गजरेवाली, रस्ता अडवला म्हणून. एक चायनीजच्या गाडीवाला. दोघे बांधकामावरचे, रस्त्यात झोपले म्हणून. एक म्हातारा, त्याचं काय ते मला कळलं नाही, त्यालाही कळलं नसावं. सगळ्यांचं एकच. नाव, "कबूल आहे का?", "कबूल." नाव, "कबूल." कोणी मान वर करत नव्हतं. गजरेवाली कबूल म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसली आणि पिशवीतून सुई-दोरा काढणार होती, शिपायाने डोळे वटारले म्हणून परत ठेवला. मी हॉलभर नजर फिरवली. जिथे लिफ्ट आहे अशा घरातला एकही माणूस तिथे नव्हता. एवढे सगळे गुन्हे आम्हीच करत होतो म्हणायचं.

माझं नाव आलं. न्यायाधीश बाई होत्या, माझ्या लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या. कागदावर डोळे ठेवूनच त्यांनी विचारलं.

"मनाई आदेश असताना सार्वजनिक ठिकाणी धारदार हत्यार बाळगलं. गुन्हा कबूल आहे?"

एवढ्या दिवसांत माझा गुन्हा मला पहिल्यांदा कोणीतरी वाचून दाखवला. धारदार म्हणे.

"कबूल नाही."

शेजारी टाईप करणारा थांबला. दाराशी उभ्या असलेल्या त्या तरुण वकिलाने कपाळाला हात लावला. न्यायाधीश बाईंनी मान वर केली.

"कोयता तुमच्याकडे सापडला ना?"

"हो मॅडम. माझाच आहे. माझ्या आजीचा. नातवाच्या उशाशी ठेवायला नेत होते. गुन्हा कबूल नाही."

मागे कोणीतरी हसलं. या वेळी मी वळून बघितलं. हसणारा गप्प झाला.

"वकील आहे तुमचा?"

"नाही."

"मोफत वकील मिळेल, अर्ज करा. पुढची तारीख घ्या."

"मॅडम, माझी कोयती कुठे आहे?"

"मुद्देमालात असेल. निकालानंतर बघू."

"परत पाहिजे ती. बाळाची आहे."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते मला माहीत नाही. शिपायाने पुढचं नाव पुकारलं. बाहेर पडताना गजरेवालीने माझ्याकडे बघितलं. थोडी सरकून मला वाट दिली.

शाळेने दुसरी मावशी ठेवली. चांगली आहे म्हणतात. मी आता आईची पाटी घेऊन कोपर स्टेशनबाहेर मासळीला बसते. आईने कंबर मोडेपर्यंत तेच केलं आणि मला दहावी केलं, ते यासाठी नव्हतं. तिला ते लागलंय, मलाही. मासे कापायला मोरली लागते. मोठं पातं, खरी धार. रोज पाटीत उघडी घेऊन जाते, फडक्यात गुंडाळत नाही. एकदा एका हवालदाराने थांबून बघितलं. मी म्हटलं, "मोरली आहे. बोंबील कापते. नाव लिहून घ्यायचं असेल तर घ्या." तो निघून गेला.

तारखा पडतायत. कधी न्यायाधीश रजेवर, कधी साक्षीदार हवालदार येत नाही, कधी नुसतंच पुढे. प्रत्येक तारखेला धंदा बुडतो. पाय सुजतात. तो तरुण वकील अजून भेटतो, म्हणतो, मावशी, अजून वेळ गेलेली नाही. मला माहीत आहे. हे लोक मला दमवतायत, आणि मी दमलेय. ते लपवायची मला गरज नाही.

नातू आता बसायला लागलाय. कोयतीशिवायच मोठा होतोय. तो बोलायला लागला की त्याला सांगणार आहे, तुझी आजी कोर्टात जाते ती गुन्हेगार आहे म्हणून नाही, तुझं लोखंड आणायला जाते. त्यांनी माझी नोकरी घेतली, फोटो घेतला, सही घेतली, कोयती घेतली. कबूल हा शब्द तेवढा माझ्याकडे राहिलाय. तो देणार नाही.

पुढची तारीख सोमवारची आहे. नाव पुकारतील, मी उभी राहीन, आणि पदर सारखा करणार नाही.